वाळूवरची लेव्हल

सर्व्हेवाल्यांकडे इतके किस्से कसे साठतात, असं परवा कुणीतरी विचारलं. अहो, साधं आहे! दिवसभर चार माणसं, एक गाडी आणि चहूकडे वाळू. बोलायला पाचवा माणूस नाही. मग एकाची फजिती बाकीच्या तिघांना तोंडपाठ होते.

आमची पार्टी आखातातल्या मुसफ्फातून निघायची. चीफ साठे साहेब, पेशावरकडचा ड्रायव्हर खान, मालवणचे परब आणि मी. परबांचं काम स्टाफ धरण्याचं. स्टाफ म्हणजे आकडे लिहिलेली उंच पट्टी. ती घेऊन ते लांब उभे राहायचे, मी लेव्हलच्या, म्हणजे उंची मोजायच्या यंत्राच्या, दुर्बिणीतून आकडा वाचायचो. सात-आठ वर्षं असं चाललं. त्या काळाचे किस्से सांगताना आता पूर्वीसारखं हसू येत नाही.

०

पहिली फजिती माझीच. आपल्याकडे उंचीची पक्की खूण देवळाच्या पायरीवर नाहीतर पुलाच्या कठड्यावर करतात. इथे देऊळही नाही, पूलही नाही. मी नवाकोरा, ९३ साली आलेला. सगळ्यात उंच टेकाड बघितलं आणि माथ्यावर काँक्रीट ओतून खूण पक्की केली.

आठवडाभर वारा सुटला. परत गेलो तर ठोकळा उघडा पडून आडवा झालेला, आणि टेकाडाचा माथा पुढे सरकलेला!

साठे साहेब शांतपणे म्हणाले, "अरे, ही टेकडी नाही. हा प्रवासी आहे. याच्या डोक्यावर कसली खूण करतोस?"

महिन्याभराचं काम पुन्हा केलं. 

०

किनाऱ्याकडे सबखा लागते. म्हणजे मिठाची सपाट जमीन, पांढरीशुभ्र, वरून टणक. खान खूश! "सिमेंट है साहब, सिमेंट!"

परब खाली उतरले, दहा पावलं चालले, टाच आपटून कान दिला. लहानपण खाडीकाठी गेलेलं. म्हणाले, "हयसून नको. खाली चिखल आसा."

खानने गाडी घातलीच. पन्नास फुटांवर चाकं गडप. संध्याकाळपर्यंत आम्ही फळ्या लावून उपसत होतो.

"जमीन ने धोखा दिया!" खान कुरकुरला.

परब म्हणाले, "जमीन तो कब का बोला था. तुम सुना नहीं."

०

एकदा फुजैराच्या डोंगरात गेलो. कोरड्या वादीत, म्हणजे नदीच्या पात्रात, बाभळीखाली तंबू ठोकला. आभाळ निरभ्र. तेवढ्यात एक म्हातारा शेळीवाला कड्यावरून ओरडत खाली आला, "यल्ला! यल्ला!" म्हणजे चला, निघा. साहेब म्हणाले, "हबीबी, पाऊस कुठाय?" त्याने डोंगरापलीकडे बोट केलं आणि साहेबांचा हात धरून ओढायलाच लागला.

आम्ही वर पोहोचलो आणि खालून पाणी गेलं. तंबू गेला, साहेबांचा एक बूट गेला, त्यावर आम्ही खूप हसलो. मग लक्षात आलं, आम्हाला सांगायला उतरला म्हणून म्हाताऱ्याच्या दोन शेळ्या खाली राहिल्या होत्या.

साहेबांनी हात जोडले. तो "खलास", म्हणजे झालं ते झालं, एवढंच म्हणाला आणि उरलेल्या शेळ्या हाकत निघून गेला.

०

सबखेची पांढरी झळ डोळ्यांना वाईट. पण परबांचं वेगळंच काहीतरी चाललं होतं. मी हाताने डावीकडे सरका म्हणून खूण करायचो, ते जागचे हलायचे नाहीत. एक दिवस म्हणाले, "माका शिट्टी मारा. हात नको."

मी त्यांना गुपचूप दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांची नस सुकतेय, गेलेली नजर परत येणार नाही.

बाहेर आल्यावर परब म्हणाले, "सायबाक सांगू नकात. बायलेक हय हाडूची आसा." लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि दोघं एकत्र राहिले होते जेमतेम सोळा महिने! फॅमिली व्हिसासाठी इन्स्ट्रुमेंट मॅनचा, म्हणजे दुर्बिणीतून आकडा वाचणाऱ्याचा, पगार लागायचा. ती बढती मिळायच्या आत डोळ्यांचं कळलं, तर कंपनी घरी पाठवणार हे ठरलेलं.

मी सांगितलं नाही. शिट्टी मारत राहिलो.

०

२००१ मध्ये साठे साहेब कायमचे पुण्याला निघाले. शेवटच्या आठवड्यात आम्ही लिवाच्या टेकाडांमध्ये होतो. साहेब म्हणाले, "जाण्याआधी परबांचं काम करून जातो. इन्स्ट्रुमेंट मॅन म्हणून शिफारस! फक्त नियमाप्रमाणे एक रीडिंग माझ्यासमोर घ्या."

परबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

खान स्टाफ घेऊन साठ मीटरवर गेला. साहेब गाडीच्या दारात बसून फॉर्म भरायला लागले. परब दुर्बिणीशी वाकले. तिपाईला हात लावायचा नसतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं, पण आज त्यांनी ती घट्ट धरली होती. बराच वेळ गेला. साहेबांनी फॉर्मवरून मान वर न करता विचारलं, "काय परब?"

"एक पॉइंट चार दोन शून्य, साहेब." आवाज एकदम खणखणीत.

"वा! बघा, येतंय की! लिही रे."

मी समोर पाहिलं. खान स्टाफ वाळूवर आडवा टाकून, पाठमोरा उभा राहून पाणी पीत होता.

मी फील्डबुकात लिहिलं, १.४२०.