मान खाली घालणारा भाऊ

माझा धाकटा भाऊ आतून लांडगा आहे. शाळेत असताना त्याने हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले, मोठेपणी पुन्हा सांगितलं तेव्हा भडकले, आता अंगवळणी पडलंय. ओरडणं, रांगणं असली थेरं तो करत नाही. फक्त कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. "रोखून बघणं म्हणजे आमच्यात अंगावर जाणं असतं, ताई," म्हणतो. हे कुणाला सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातलीय. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, नाहीतर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

आम्ही दोघं एकाच लाँड्रीत कामाला. मी चादरींच्या घड्या घालते, तो वाफेच्या प्रेसवर असतो. परवा पाळी बदलताना वाफेचा व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि पुढच्या पाळीतल्या बाईचा हात कोपरापर्यंत भाजला. साहेबांनी धाकट्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"व्हॉल्व्ह बंद केला होतास?"

"हो, साहेब." मान खाली.

"मग जमिनीकडे काय बघतोस? खरं बोलणारा असा उभा राहतो का?"

"साहेब, त्याने बंद केलेला मी पाहिलाय," मी म्हटलं.

"तू बहीण. तू दुसरं काय सांगणार? बोलावतो पोलिसांना!"

साहेबांचा आवाज चढला तशी धाकट्याची मान आणखी खाली गेली. सगळ्यांना तो कबुलीजबाबच वाटत होता. खरं कारण सांगावं, तर याला वेड्यात काढून घरी बसवतील. गप्प बसावं, तर हा तुरुंगात. गेली शपथ खड्ड्यात, असं म्हणून मी सगळं सांगायला तोंड उघडलं.

त्याला ते कळलं. त्याने मान वर केली आणि साहेबांच्या डोळ्यांत रोखून बघितलं.

"व्हॉल्व्ह मी बंद केला होता."

पापणीसुद्धा लवली नाही. साहेबांचा चेहरा सैलावला. "हां! असं माणसासारखं बोलायचं की!" म्हणत ते त्याच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे आले. बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याचा वरचा ओठ दातांवरून सरकू लागलेला फक्त मला दिसला. मी धावत मध्ये घुसले.

"ताई, धरून ठेव मला," तो माझ्या कानाशी पुटपुटला.

मी त्याचा दंड दोन्ही हातांनी घट्ट आवळला आणि साहेबांकडे बघून हसले.