तिसरा पिंड

वडिलांच्या वर्षश्राद्धाला इथे परदेशात, बिशान भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये गुरुजींनी माझ्या भावाला तीन पिढ्यांची नावं विचारली. तिसरं पणजोबांचं. ते हिमालयात जाऊन संन्यासी झाले, असं आमच्याकडे सांगत आणि त्यांच्या जागी त्यांच्या भावाचं नाव घेत. खरं काय ते मी शोधून काढलं होतं. पणजोबा बोटीवर खलाशी होते. आजारी पडले म्हणून त्यांना ग्लासगोला उतरवून बोट निघून गेली. तिथे निराधारांना ठेवायच्या सरकारी घरात ते वारले. काकांना मी हे कळवलं होतं, तरी ते माझ्या भावाच्या कानाशी लागून जुनंच नाव सांगू लागले.

"काका, ते नाही. पणजोबांचं."

"भिकाऱ्यांत मेला तो! आणि तू सासरची झालीस, आमच्या घराण्यात नाक खुपसू नकोस."

"मग पिंडाचा भातही सासरचाच आहे, माझ्या घरात शिजलेला. उचलू?"

गुरुजी दर्भ धरून थांबले. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि पणजोबांचं नाव घेतलं.

काका न जेवता उठले. मी त्यांच्या चपला दाराबाहेर सरळ लावून ठेवल्या.