तीन नंबरचे टोपडे

चांदमारीच्या मैदानावर बंदुकीचा बार झाला की सगळ्यांच्या माना समोरच्या लक्ष्याकडे वळत. त्यांची मान मात्र खाली जाई. धूर विरण्याच्या आत ते नळीपुढच्या गवतात वाकलेले असत. हात पाठीमागे, पावले सावकाश, कुणाची तरी अंगठी हरवल्यासारखी. गोळी मधोमध बसली म्हणून कुणी आनंदाने ओरडले, तर वर न पाहताच म्हणत, "चांगलं हाय. म्हणूनच शक हाय."

अशी माणसे तुमच्याही पाहण्यात असतील. डॉक्टरांनी 'काही झालेले नाही' असे सांगितले की ज्यांची झोप उडते, अशी. फरक एवढाच की हा माणूस माझ्या भवितव्याच्या अगदी मधोमध येऊन बसला होता.

आम्ही त्यांना जमादार म्हणत असू. उभी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका खोलण्यात आणि जोडण्यात गेलेली. निवृत्तीनंतर पेडगावच्या घरी बसवेना, म्हणून परभणीतल्या आमच्या प्लास्टिकच्या कारखान्यात रोज एसटीने येत. बसची पाटी वाचूनही ते आधी ड्रायव्हरला विचारत, मग कंडक्टरला, आणि जागा मिळाल्यावर शेजाऱ्याला. मी एकदा म्हटले, "जमादार, पाटीवर लिहिलेले असते ना?"

"पाटी काय म्याडम, कुणी बी लावतंय."

चहाचा कप हातात आला की आधी आत डोकावत, मगच ओठाला लावत. एकदा कारखान्यातले सगळे पोखर्णीच्या नरसिंहाला गेलो होतो. तिथे प्रसादाचे खोबरे त्यांनी दोन्ही बाजूंनी न्याहाळले. मशीनवरच्या एका बाईने टोमणा मारला, "देवावर बी शक का, जमादार?"

"देवावर कशाला? नारळ इकणाऱ्यावर हाय," ते म्हणाले, आणि खोबरे चंचीत टाकले. पान-तंबाखूसाठी शिवलेली, बऱ्याच कप्प्यांची ती कापडी चंची कायम त्यांच्या कमरेला असे. तंबाखू कधीच सुटली होती. चंची सुटली नव्हती.

मी तेव्हा प्लास्टिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन परभणीला परतले होते, पण राहण्यासाठी नव्हे. कारखाना एरवी ठिबक सिंचनाच्या नळ्यांचे जोड बनवी. त्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीकडून वेगळे काम आले. पोलिसांच्या जुन्या, रुंद नळीच्या बंदुकांतून सरावासाठी बारीक, हलकी गोळी झाडायची होती. नळीपेक्षा बारीक गोळी नुसती भरली तर ती आत डुगडुगते. वायू तिच्या कडेने निसटतो आणि नेम राहत नाही. म्हणून तिच्याभोवती चार पाकळ्यांचे प्लास्टिकचे आवरण असते. ते नळी भरून काढते आणि गोळीला मधोमध धरून नळीच्या तोंडापर्यंत आणते. बाहेर पडताच हवेच्या माऱ्याने त्याच्या चारही पाकळ्या एकदम उघडतात आणि ते गळून पडते. गोळी एकटी पुढे जाते. शास्त्रात त्याला सॅबो म्हणतात. आमच्या मशीनवरच्या बायकांनी पहिला नमुना हातात घेतला आणि त्याला तान्ह्या बाळाच्या टोपीचे नाव देऊन टाकले: टोपडे.

त्या टोपड्याची रचना माझी होती. ती मंजूर झाली की पुण्याच्या कंपनीच्या रचना विभागात मला जागा मिळणार होती. तसे तोंडी ठरलेही होते. माझ्या आणि पुण्याच्या मध्ये एकच सही उरली होती. ती चाचणी पाहणारा शस्त्रांचा जाणकार म्हणून जमादारांनी करायची होती.

चाचणी जिंतूर रस्त्यापलीकडच्या चांदमारीवर होई. बार करायला पोलीस दलातली एक तरुण शिपाई येई. बंदुकीच्या दस्त्याला गाल टेकवून ती शांतपणे नेम धरी. बार झाला की नळी मोकळी झाली का हे पाहायला नियमाप्रमाणे जमादार आधी पुढे जात. मी थेट लक्ष्याकडे जाई, गोळीची जागा टिपून घेई, आणि परतताना गवतात पडलेली टोपडी गोळा करून त्यांची छायाचित्रे काढी. मला सापडलेले प्रत्येक टोपडे चारही बाजूंनी सारखे उघडलेले असे. काही सापडत नसत. कुसळी गवत गुडघ्याएवढे होते, त्यामुळे त्यात मला नवल वाटले नाही. काही गोळ्या लक्ष्यावर भरकटत. पण बंदुका जुन्या होत्या, आणि सरासरी नियमात बसत होती.

एकदा छायाचित्रे संगणकावर ओळीने लावताना एक गोष्ट खटकली. आमच्या साच्याला चार खाचा होत्या, त्यांतून एका वेळी चार टोपडी निघत. कोणते टोपडे कोणत्या खाचेतले हे कळावे म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी खाचेचा आकडा उमटे. माझ्या छायाचित्रांत एक, दोन आणि चार भरपूर होते. तीन नव्हता. एकही नाही.

गवत आकडे वाचत नाही. निवडून उचलणारा हात माणसाचाच असतो.

संशय आला की मी त्याला गृहीतक म्हणते आणि तपासते. पुढच्या चाचणीला मी लक्ष्याकडे न जाता गाडीच्या आडोशाला थांबले. जमादार वाकले. त्यांनी एक टोपडे उचलले, उलटे केले, पुन्हा गवतात टाकले. दुसरे उचलले, डोळ्याजवळ नेले, मी कुठे दिसते का ते पाहिले, आणि चंचीचा कप्पा उघडून ते आत सरकवले.

आठवड्याभरात दुसरा पुरावा मिळाला. बसस्थानकाजवळच्या हॉटेलात ते एका माणसाबरोबर बसले होते. तो दुसऱ्या एका प्लास्टिक कारखान्यात कामाला आहे, हे मला ठाऊक होते. मला पाहताच दोघे गप्प झाले. जमादारांनी चंचीवर हात ठेवला.

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता तर काय निष्कर्ष काढला असता? माझी रचना, तीही ठरावीक खाचेची, माझ्या डोळ्यांदेखत बाहेर चालली होती.

पुण्याचे लोक यायच्या आदल्या दिवशी मालकांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावले. टेबलावर माझा अहवाल होता. जमादारांनी तो वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"चांगलं हाय," ते म्हणाले.

मालकांनी पेन पुढे केले.

"म्हणूनच शक हाय," जमादार म्हणाले, आणि हात मागे बांधले.

"जमादार, उद्या माणसं यायलीत. सही होत नसेल तर उद्यापासून तुम्ही येऊ नका. मी दुसरा जाणकार बघतो."

मी म्हटले, "सहीचे नंतर बघू. आधी यांना चंची उघडायला सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. राग नव्हता, उलट बऱ्याच दिवसांची खात्री पटल्यासारखा चेहरा होता. "उघडतो. पण तुमी आधी सांगा, ह्या फोटूत तीन नंबर का न्हाई? कुठं लपवायलात?"

"मी लपवते? तीन नंबर तुम्ही उचलता! मी स्वतः पाहिले आहे."

"फुटलेले उचलतो. तुमी गायब करायच्या आत."

"मी का गायब करीन?"

"पुण्याला जायचं हाय ना तुमाला?"

मालक एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत राहिले. जमादारांनी कमरेची चंची सोडली आणि एकेक कप्पा टेबलावर रिकामा केला. प्रत्येक टोपड्याच्या तीन पाकळ्या उघडलेल्या होत्या. चौथी एक तर मिटलेली, नाही तर मुळातून फाटलेली. मी एक उलटे केले: तीन. दुसरे: तीन. पुढची न पाहताही कळले असते, तरी मी सगळी पाहिली.

मग काय घडत आले होते, ते माझ्या ध्यानात आले. फुटकी टोपडी ते माझ्याआधी उचलत. म्हणून माझ्या वाट्याला चांगलीच उरत. माझी छायाचित्रे जितकी निर्दोष होत, तितका त्यांचा माझ्यावरचा संशय वाढे, आणि पुढच्या बाराला ते आणखी लवकर वाकत. उभ्या परभणीतला सर्वांत संशयी माणूस माझा अहवाल सुंदर करून देत होता, आणि मी त्याला चोर समजत होते.

"दाखवायचे तरी होते, जमादार!"

"दावून काय? नोकरीत सायबाला एकदा फुटका खटका दावला होता. दुसऱ्या दिशी खटकाच न्हाई. तवापासून दावायचं सोडलं, ठिवायचं धरलं." मग फाटलेल्या पाकळीवर बोट ठेवून मालकांना म्हणाले, "ह्याचा तुकडा नळीत राहिला, तर पुढल्या बाराला नळी त्या शिपाई पोरीच्या गालाशी फुटंल. सही कुठं करू, सांगा."

"आणि हॉटेलातला तो माणूस?" मी विचारले.

"माझा साडू हाय. त्याच्यावर बी शक हाय."

मालक हसले नाहीत; पण त्यांनी पेनाला टोपण लावले.

त्याच दुपारी मी अहवाल मागे घेतला आणि पुण्याला कारणासह कळवले. साचा उघडला, तेव्हा तिसऱ्या खाचेत प्लास्टिक शिरण्याची वाट अर्धी बुजलेली निघाली. एक पाकळी नेहमी कच्ची राहत होती. पुण्यातली जागा त्या खेपेला दुसऱ्या कुणाला मिळाली. माझ्या घरी हे कुणाला समजावून सांगता आले नाही. यंत्रावर नवीन साचा चढला, पुन्हा चाचण्या झाल्या, आणि या वेळी बार झाला की गवतात आम्ही दोघे वाकत असू. एकमेकांवर नजर ठेवण्याची ती सर्वांत सोयीची पद्धत होती.

"म्याडम, तिकडलं तुमी बघा, इकडलं मी."

"मग मी इकडचे पाहिले की नाही, हे तुम्हाला कसे कळेल?"

"तेच तर. मंग दोघं बी दोन्हीकडलं बघू."

शेवटी सही झाली. अर्थात कोरी बाजू पाहूनच. पुढच्या खेपेला पुण्याहून मला बोलावणे आले.

निघायच्या दिवशी जमादार बसस्थानकावर आले. बसची पाटी, ड्रायव्हर, कंडक्टर, सगळे त्यांनी माझ्या वतीने तपासले. मग कमरेची चंची सोडून खिडकीतून माझ्या हातात दिली. मी आभार मानण्याआधी तिचा प्रत्येक कप्पा उघडून पाहिला. ते प्रथमच मोकळेपणाने हसले. "आता जमलं पोरी."

शेवटच्या कप्प्यात एक टोपडे होते. पहिल्या साच्याचे. चारही पाकळ्या सारख्या उघडलेल्या, एखाद्या फुलासारख्या. मी ते उलटे केले. बुडाशी तीन होता.

"हे तुम्ही त्या दिवशी टेबलावर ठेवले नव्हते."

"न्हाई."

"का?"

"ठिवलं असतं तर तुमी म्हणला असता, बघा, तीन नंबर बी उघडतंय. मालकाच्या हातात पेन होतंच."

"म्हणजे तुम्हीही निवडूनच दाखवलेत!"

"व्हय," ते शांतपणे म्हणाले. "शक होता ना मला तुमच्यावर."

बस हलली. खिडकीतून पाहिले, तेव्हा ते बसच्या मागच्या चाकाकडे बघत उभे होते.

मी शिकले त्या शास्त्रात याला एकच नाव आहे: प्रतिकूल पुरावा दडवणे. त्या एका चांगल्या टोपड्याने निष्कर्ष बदलला नसता, हे मी आज कागदावर सिद्ध करू शकते. त्या दिवशी, पुणे एका सहीवर असताना, मी ते सिद्ध करत बसले असते का? त्यांचा संशय बरोबर होता की नाही, याची चाचणी आता घेता येणार नाही. गेल्या हिवाळ्यात जमादार वारले.

बातमी उशिरा कळली. मी पेडगावला गेले, तेव्हा दिवस होऊन गेले होते. ओसरीवर त्यांची खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवलेली होती. मागून कुणी येऊ नये, अशी. त्यांच्या पत्नीने चहा आणला. थोडे इकडचे तिकडचे बोलल्यावर मनातला प्रश्न मी विचारलाच. कारखान्यातली प्लास्टिकची टोपडी ते घरी आणत होते का? आणखी काही होती का?

"काय काय आणायचे, बाई," त्या म्हणाल्या. "मला कुठं दावायचे? माझ्यावर बी शक होता त्यांना." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मग कप माझ्यापुढे सरकवण्याआधी त्यांनी आत डोकावून पाहिले. "सवय लागलीय घराला," त्या म्हणाल्या. "तुमी बी बघून घ्या."

मी कप हातात घेतला, आत नीट पाहिले, आणि चहा प्याले.