‘बसा’ न म्हणणाऱ्या सिस्टर

जगदाळे सिस्टर गेल्या, हे त्यांच्या मुलीनं सकाळी फोनवर सांगितलं, तेव्हा आई ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. मी तिला बातमी सांगितली आणि सवयीनं पुढं म्हणालो, “आई, तू बस जरा.” ती बसली नाही. ओट्याची कड धरून तशीच उभी राहिली, डोळे वाहत होते... मग म्हणाली, “त्यांच्या बातमीला तरी मला बसवू नकोस रे.” या गोष्टीला आता महिना होऊन गेला. तिच्या त्या बोलण्याचा अर्थ सांगायचा, तर दहा-बारा वर्षं मागं जायला हवं.

नोएडातले सेक्टर तेव्हा नुकते भरू लागले होते. परदेशी कंपन्या येत होत्या, त्यांतल्याच एकीत मला नोकरी लागली, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि वडील गेल्यावर आईला वाईहून घेऊन आलो. वाईला ती घरचं सगळं करून रोज नदीवर जाऊन यायची. इथं मात्र तिला काडीही उचलू द्यायची नाही, असा मी चंगच बांधला. खोल, मऊ सोफा, केबलचा रंगीत टीव्ही आणि हातात रिमोट. पाणी हवं? तू बस, मी आणतो. भाजी निवडायचीय? आई, तुम्ही बसा, मी बघते, असं माझी बायको सुनंदा म्हणायची. माया दाखवायला आम्हाला हा एकच शब्द येत होता की काय, कोण जाणे. आठ महिन्यांत अशी पाळी आली, की आईला सोफ्यातून उठवायला एका बगलेत मी आणि दुसरीत सुनंदा. दोनदा ती चक्कर येऊन पडलीसुद्धा. वय झालं, असं मी येईल-जाईल त्याला सांगायचो. ती सत्तरीची होती, वय कसलं डोंबलाचं!

सिस्टर भेटल्या त्या जवळच दिल्लीच्या हद्दीतल्या मयूर विहारमधल्या एका हळदीकुंकवाला. लष्करी इस्पितळातून निवृत्त झालेल्या, यजमान सुभेदार, मूळच्या साताऱ्याकडच्या, आणि तिथल्याच सोसायटीत राहणाऱ्या. समारंभ आटोपल्यावर मी आईला न्यायला गेलो आणि नेहमीसारखा बगलेतून ओढू लागलो, तर मागून आवाज आला, “सोडा त्यांना.” मी म्हणालो, “पडेल ती.” “मी उभी आहे ना पुढं. सोडा.” आईनं दोनदा प्रयत्न केला. जमलं नाही... सगळ्या बायकांसमोर. मला भयंकर राग आला. “आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांची परेड घेत नाहीत,” मी ताडकन बोलून गेलो. सिस्टर जराही चिडल्या नाहीत. “सेवा करताय, दिसतंय ते. पण अशा सेवेनं त्यांचे पाय जातील. पाय गेले की माणूस अंथरूण धरतं. वॉर्डात जन्मभर तेच बघितलं मी.”

पुढच्याच मंगळवारी त्या बस बदलत आमच्या घरी हजर. आईला आधी आडवं करून रक्तदाब मोजला, मग उभं करून; उभी राहताच तो झरकन उतरत होता. गोळ्यांची सगळी पाकिटं पलंगावर पसरायला लावली. दोन डॉक्टरांनी रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी दिलेली होती आणि आई दोन्ही इमानेइतबारे घेत होती. “मी बंद करणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण आजच्या आज दाखवून या,” त्या म्हणाल्या. मग आईजवळ सरकून हळूच विचारलं, “मावशी, दिवसाला पाणी किती पिता?” आईनं मान खाली घातली. “एखादा पेला... जास्त प्यायलं की सारखं जायला लागतं. पोरांना किती वेळा उठवायचं?” मी दारात उभा होतो. पाणी शुद्ध करायचं नवं यंत्र मी पाहुण्यांना कौतुकानं दाखवत होतो, आणि त्याच घरात माझी आई तहानलेली राहत होती. त्या दिवशीची शरम अजून गेलेली नाही.

“या घरात आजपासून ‘बसा’ बंद,” सिस्टरांनी फर्मान काढलं. जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची घेतली, तिच्यावर गोधडीची चार पदरी घडी घालून ती उंच केली. दोन्ही हात छातीवर, आणि हात न टेकता पाच वेळा उठायचं. पंधरवड्यानं गोधडीचा एक पदर कमी. “लष्करातली बाई, दयामाया म्हणून नाही!” असं आई कुरकुरायची, पण मंगळवारी सकाळपासून बाल्कनीतून रस्त्याकडं डोळे लावून असायची. सिस्टरांच्या जिभेवर साखर नव्हतीच. “चलो मावशी, बिल्कुल ताठ!” एवढंच त्यांचं कौतुक. दिवाळीच्या आधी एका सकाळी आई घरात दिसेना. घाबरून बाल्कनीत गेलो, तर ही खाली भाजीच्या ठेल्याशी, एकटी! “भैया, गवार है क्या?” आपल्याला अडाणी म्हटलं असं वाटून ठेलेवाला चिडलेला, “माताजी, गँवार किसको बोला?” आई कठडा धरून तीन जिने चढून वर आली ती हसत, धापा टाकत. मी मोरीत जाऊन रडलो.

अशी किती घरं सिस्टरांनी उभी केली, ते श्रद्धांजलीच्या सभेत दिसलं. मयूर विहारच्या छोट्या हॉलमध्ये सगळी पांढरी डोकी. सूत्रसंचालक म्हणाले, “दोन मिनिटं उभं राहू या... ज्येष्ठांनी बसून राहिलं तरी चालेल.” एकही जण बसून राहिला नाही. हात छातीवर घेऊन सगळे सावकाश, ताठ उठले, ऐंशी ओलांडलेली माझी आईसुद्धा. मी गुडघ्यांवर हात टेकत उठलो, तेव्हा समोरची नजर न हलवता ती पुटपुटली, “हात छातीवर.”

मी पुन्हा खाली बसलो, आणि नीट उठलो.