मोरेश्वरसाठी टाकलेला शब्द

आयर्लंडमधल्या नावन गावच्या हॉस्पिटलात नरेश लोकांची हाडं जोडायचा आणि उरलेल्या वेळात मित्रांना कुठेतरी चिकटवायचा. कुणासाठी शब्द टाकल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. मराठी मंडळाचा खजिनदार त्याने आणलेला, क्रिकेट क्लबचा सेक्रेटरीही त्यानेच बसवलेला. त्याची बायको मृणालिनी डब्लिनला पीएचडी करत होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेले आयरिश लोक निवडणुकीत राबायचे आणि मग आपल्या मित्रांना पोस्टमास्तर, जकात अधिकारी अशा जागा मिळवून द्यायचे, हा तिचा विषय.

"मी उगाच लायब्ररीत जाते," ती म्हणायची. "तुझी मुलाखत घेतली असती तरी भागलं असतं."

२०११च्या निवडणुकीत नरेशने शेमस नावाच्या उमेदवारासाठी झाडून साऱ्या भारतीय नर्सेसची घरं पालथी घातली. शेमस निवडून आला. आता नरेशला एकच हवं होतं: मोरेश्वरला पीस कमिशनर करा. सरकारने दिलेलं मानाचं पद, पगार शून्य, पण लोक सरकारी कागदांवर सही घ्यायला आपल्या दारी येतात. मोरेश्वर इंजिनियर, त्याची बांधकाम कंपनी मंदीत बुडाली, तेव्हापासून तो घरीच. हल्ली फोनही उचलत नव्हता. नागपूरला परत जायचं म्हणून सुपरमार्केटातून रिकामी खोकी आणून ठेवली होती. सोन्यासारखा मित्र असा विझत चाललेला नरेशला बघवत नव्हता.

शनिवारी शेमस पबच्या मागच्या खोलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसे. नरेशने मोरेश्वरला आत ढकललं आणि स्वतः बाहेर थांबला. तिथेच चुकलं.

"जमेल ना तुम्हाला?" शेमसने विचारलं.

"छे हो, मी कसला? हा मान खरं तर नरेशचा."

आता यावर समोरच्याने आग्रह करायचा असतो, आपण पुन्हा नको म्हणायचं असतं आणि मग संकोचत हो म्हणायचं असतं. शेमसला हे कोण शिकवणार? "ग्रँड," म्हणजे तिकडचं 'ठीक आहे', म्हणाला आणि त्याने नरेशचं नाव लिहून घेतलं.

काही महिन्यांनी नेमणूक आली ती नरेशच्या नावाने. "योग्य माणसाला मिळालं," मोरेश्वर म्हणाला आणि खोक्यांसाठी चिकटपट्टी शोधू लागला.

नरेश फणफणला. "अरे, नको नको म्हणायला ते काय लग्नाचं जेवण होतं?"

त्याने मोरेश्वरला गाडीत घातलं आणि थेट शेमसला गाठलं. "मला नको. युअर मॅन मोरेश्वर बाहेर गाडीत बसलाय, त्याला द्या. तो नाही म्हणेल. ऐकू नका."

मिळालेलं पद परत करणारा माणूस शेमसने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तो पोट धरून हसला, पण काम त्याने केलं.

मोरेश्वरने जेवणाचं टेबल पुसलं, नवं पेन आणलं आणि वाट बघत बसला. पहिला आला नरेशच, नागरिकत्वाच्या अर्जावर सही घ्यायला. सहीच्या वरती छापलं होतं की या माणसाला मी व्यक्तिशः ओळखतो. मोरेश्वरने ते वाक्य वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"ओळखतोस ना?" नरेशने विचारलं.

"नाइलाज आहे," म्हणत मोरेश्वरने सही ठोकली. कागद परत देताना तो म्हणाला, "जाताना ती खोकी घेऊन जा. उगाच जागा अडवतायत."