नर्सरीच्या बाईंना न मागता मिळालेले साक्षीदार

ते प्रकरण आठवलं की आधी मला माझीच शरम वाटते आणि मग छाती फुगते. दोन्ही एकाच गुन्ह्यामुळे. तेव्हा मी वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कॉम्प्युटर म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाने, आमच्या रायटरने, टाइप करायची वस्तू, एवढीच माझी समज.

सकाळची हजेरी आटोपली होती. जवळच्या एका गावातले मुख्याध्यापक घाम पुसत आत आले.

"साहेब, आमच्या शाळेच्या वेबसाइटवर जुगार सुरू झाला!"

ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. मी डोळे वटारले. पालकांनी मोबाइलवर निकाल पाहायला शाळेचं पान उघडलं, तर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात येत होती. मुख्याध्यापकांची फिर्याद घेतली आणि स्टेशन डायरीला नोंद केली. आमच्याकडे एक महिला शिपाई होती, या कामात हुशार. तिने पानाच्या मागची बाजू उघडून दाखवली. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं, डोळ्यांना दिसू नयेत म्हणून. त्यात लिंका होत्या: जुगाराच्या, मर्दानी ताकदीच्या गोळ्यांच्या आणि एक मंगरूळपीरजवळच्या संत्रा कलमांच्या नर्सरीची.

"सापडला चोर," मी म्हणालो. इथेच माझी अक्कल पेंड खायला गेली होती.

नर्सरीच्या बाईंना बोलावून घेतलं. वय पस्तिशीचं. वडिलांनी मजुरी करून कृषी पदविका शिकवलेली. गावाच्या विहारामागे स्वतःच्या दोन एकरांत त्या जंबेरी या रानलिंबाच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधून कलमं तयार करत. मी त्यांना तीन तास बाकावर बसवून ठेवलं. बसलेला माणूस आपोआप नरम होतो, हा आमचा जुना विश्वास. त्या काही नरम झाल्या नाहीत.

"साहेब, त्या शाळेचं मी तोंडबी नाई पाह्यलं. मीच बरबाद होऊन राह्यली अन् तुमी मलेच बसवता? पयले कास्तकार मोबाइलवर 'संत्रा कलम' टाकत तं माही नर्सरी वर ये. दोन महिन्यापासून कुठीच दिसत नाई. लागवड तोंडावर आली. एक बुकिंग नाई. कलमं पिशवीतच वाढून राह्यली, जास्त वाढली का कोणी हात नाई लावत. वरून तुमी बलावलं तं गावात बोंब, का बाईनं शाळेची वेबसाइट फोडली!"

मी शिपाईकडे पाहिलं. तिने समजावलं, "सर, दुसऱ्या वेबसाइटने तुमच्याकडे बोट दाखवलं की सर्च इंजिन ती साक्ष धरतं. जाणत्यांनी दाखवलं तर तुम्ही वर. भाडोत्री साक्षीदारांचा घोळका उभा राहिला, तर त्याला वाटतं तुम्ही साक्षी विकत घेतल्या. मग तुम्ही खाली. यांच्या मागे असा घोळकाच लावलाय कोणीतरी."

"यांनीच लावला असेल."

"असेलही सर. पण ज्याच्याकडे बोट दाखवलं, त्याच्या हातात ते बोट नसतं."

पोरगी माझ्या तोंडावर बोलली आणि बरोबर बोलली. मी बाईंना चहा मागवला आणि पहिल्यांदा धड प्रश्न विचारला, "तुमचं कोणाशी वाकडं आहे का?"

मग कळलं. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावचा एक जण 'वेबसाइट पहिल्या नंबरवर आणून देतो' म्हणत त्यांच्याकडे आला होता. हजार लिंका लावून देतो म्हणाला. "मी म्हटलं, माह्या कलमायचं माह्या गिऱ्हाइकायनं सांगितलं तं ठीक हाय. तुह्या भाड्याच्या लोकायनं कायले सांगाव? तं म्हणे, पाहून घेतो." आणि गेल्या आठवड्यात त्याचाच फोन, की तुमच्या मागे घाण लिंका लागल्यात, काढून देतो, पण मोठी रक्कम लागेल.

खंडणीचा वास येत होता, पण पुरावा शून्य. त्या इसमाला चौकशीला बोलावलं. कडक इस्त्री, गोड जीभ. "सर, लिंक तं कोणीबी देते. इंटरनेट हाय. मले काहून विचारता?" दिवसभर घासला, पण भिंतीवर डोकं आपटल्यासारखं. नोटीस देऊन सोडावा लागला. बाई फाटकाशी उभ्या होत्या, त्यांच्या समोरून तो मोटरसायकलला किक मारून गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी एका दारूच्या धाडीचा पंचनामा चालू होता. आमच्या म्हाताऱ्या हवालदाराने विचारलं, "साहेब, पंच कोण लिहू? आपला चहावालाच लिहू काय?"

मी जागचा उठलो! वाचकांना सांगायला हरकत नाही: प्रत्येक ठाण्याला असा एक हमखास पंच असतो. जवळ राहतो, बोलावलं की येतो, न वाचता सही करतो. आमच्या चहावाल्याला एकदा बचावाच्या वकिलाने भर कोर्टात विचारलं होतं, आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्या? तो अभिमानाने म्हणाला, मोजल्या नाहीत. खटला तिथेच झोपला, आणि न्यायाधीशांसमोर मान खाली घालून मी उभा होतो.

शिपाईला हाक मारली. "या नर्सरीमागे लावलेले साक्षीदार आणखी कोणाकोणासाठी सही करतात, ते काढ."

त्या इसमाच्या जाहिरातीच्या पत्रकावर त्याने आपली गिऱ्हाइकं मिरवली होती: एक मंगल कार्यालय, एक शिकवणी वर्ग, एक टाइल्सचं दुकान. पोरीने दोन दिवस मान वर केली नाही. मग दोन याद्या माझ्या टेबलावर ठेवल्या. नर्सरीमागे जी एकोणचाळीस टाकाऊ ठिकाणं होती, तीच या तिघांची तारीफ करत होती. कुठल्याशा परदेशातली कुत्र्यांच्या खाद्याची वेबसाइट मालेगावच्या मंगल कार्यालयाचे गोडवे गात होती! आणि तिघांच्याही यादीत ती शाळा होतीच, आम्ही आधी न उघडलेल्या तिच्या पानांवर लपवलेली. तेच पंच, फक्त पंचनामे वेगळे.

त्याला पुन्हा बोलावलं. आवाज चढवला नाही. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून त्याच्यापुढे सरकवले. त्याने वाचलं आणि चेहऱ्याची इस्त्री उतरली.

"हे कोनं काढलं, सर?"

"या पोरीनं."

मग सगळं बाहेर आलं. शाळेचा पासवर्ड म्हणजे शाळेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो त्याच्या लॅपटॉपमध्ये लिहून ठेवलेला सापडला. जप्तीला या वेळी पंच घेतले ते एक पोस्टमन आणि एक निवृत्त तलाठी. दोघांनीही आयुष्यात आधी कधी पंचनाम्यावर सही केली नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायदा आणि खंडणी, दोन्ही कलमं लावली. पुढे कोर्टात पोस्टमनने असा खणखणीत जबाब दिला की वकील खाली बसला. शिक्षा झाली.

बाईंच्या गावात मी स्वतः गेलो आणि चावडीसमोर मोठ्याने सांगितलं, "यांचा काही दोष नाही. चूक माझी झाली." वर्दीत असं बोलायला जीभ जड होते, पण बोललो.

बाईही हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. या साक्षीदारांशी माझा संबंध नाही, अशी यादी सर्च इंजिनला रीतसर कळवली. आणि नर्सरीच्या वेबसाइटवर लिहायला बसल्या: झाडाला होणारा डिंक्या रोग कसा ओळखावा, चुनखडीच्या जमिनीत संत्रा का लावू नये. 'अशी जमीन असेल तर माझ्याकडून कलमं नेऊ नका' असंही लिहिलं. ते वाचून एका कृषी महाविद्यालयाने आपल्या पानावर त्यांची लिंक दिली. मग एका बागायतदाराने, मग एका शेतकरी मासिकाने. कोणाकडेही मागितली नव्हती. त्या वर्षीचा हंगाम निम्मा हातचा गेला. पुढच्या लागवडीला मात्र नर्सरी पुन्हा पहिल्या पानावर, आणि बांधावर कलमं न्यायला गाड्यांची रांग! मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

निवृत्तीनंतर आमच्या माजी पोलिसांच्या मंडळाची वेबसाइट निघाली. मी बाईंना फोन केला, "तुमच्या नर्सरीवर दोन ओळी लिहितो, लिंकही देतो." मला वाटलं खूश होतील.

"साहेब, तुमी माह्याकडून एक तरी झाड नेलं काय?"

"नाही."

"मंग कायले गवाही देता?"

तीस वर्षं मी लोकांना साक्ष म्हणजे काय ते शिकवत आलो. दुसऱ्या दिवशी बसने मंगरूळपीरला गेलो, दोन कलमं विकत आणली आणि अंगणात लावली. दोन्ही जगली, चार हंगामांनी फळाला आली, गोड लागली. मग लिहिलं.