विषय पक्का झाला

दुपारी आर्किटेक्चर कॉलेजच्या स्टुडिओत पंखे फिरतायत, पण वारा खाली पोचत नाही. ट्रेसिंग पेपरवर गाल टेकवून मी पडलेय. मागच्या टेबलावर कुणीतरी मॉडेलसाठी पुठ्ठा कापतंय. कटरची करकर लांब लांब जाते आणि तिच्या जागी खोकला ऐकू येतो. ओला, दाबून धरलेला. तो मी ओळखते.

मान वर करते, तर समोर आक्काताई मामी बसलेली. जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसायची तशी.

मामी जानेवारीत गेली. आईच्या ऑपरेशनसाठी ती गडहिंग्लजहून आली होती. त्या सरकारी दवाखान्यात रात्री वॉर्डात कुणाला थांबू देत नव्हते, म्हणून ती बाहेर फरशीवर झोपायची. थंडी बाधली, ताप अंगावर काढला. आई बरी होऊन घरी आली, आणि मामी तिथंच दाखल झाली ती परतलीच नाही.

"हे काय चाललंय?" मामी विचारते.

"थिसिसचा विषय मांडतेय. पेशंटच्या नातेवाइकांसाठी निवारा, दवाखान्याला लागूनच."

"चांगलं हाय की. कुणी सुचवलं?"

मी ट्रेसिंग पेपरची कड सरळ करत राहते.

फरशीला फिनेलचा वास येतोय. टेबलं नाहीत, खाटा आहेत. खाटांच्या पलीकडे माझी शीट्स टांगलेली आणि सर खुर्चीत बसलेले. मी बोलतेय, काल बोलले तसंच.

"केस स्टडी एक. नातेवाईक महिला, वय अंदाजे पन्नास."

मामी वळून मागं बघते, कुणाबद्दल चाललंय म्हणून.

"ही कोण गं?"

"तू."

"मग आक्काताई म्हणायचं की."

"रिसर्चमध्ये नावं घालत नाहीत, मामी."

"व्हय? मी गेल्याचं तरी सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

कालच्या आधी सरांनी माझे सगळे विषय परत पाठवले होते. तुझ्याकडं आकडे आहेत, माणूस कुठाय, असं म्हणायचे. काल मी मामीचं सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणाले, विषय पक्का."

मामी मान हलवते. तेवढ्यावर थांबायला हवं, पण तोंड माझं ऐकत नाही.

"मला आनंद झाला, मामी. तू तिथं गेलीस ते... सर पक्का म्हणाले त्या वेळी मला बरं वाटलं."

आता आम्ही तिच्या स्वयंपाकघरात आहोत. चुलीवर तवा तापलाय. ती माझ्याकडं पाठ करून भाकरी थापतेय. थापता थापता तिच्या काचेच्या बांगड्या वाजायच्या थांबतात.

"राग आला?"

"आला," ती म्हणते. "न यायला काय झालं?"

"पोटात घाल ना."

"पोटात घालायला आता पोट कुठं हाय माझ्यापाशी?"

ती भाकरी उलटते. धूर डोळ्यांत जातो. मी डोळे चोळते, तर चूल नाही. वर उघडं आभाळ, खाली तीच गार फरशी, आणि आमच्या अंगावरून लोक डबे घेऊन ये-जा करतायत. कुणी खाली बघत नाही.

"जरा टेकू दे," मामी म्हणते आणि माझ्या उजव्या हातावर डोकं ठेवून आडवी होते. आपल्या हातानं माझं मनगट धरून ठेवते. फरशीचा गारवा पाठीतून वर चढतो. तिचं अंग चटचट भाजतंय.

"हात काढू नकोस हं."

"नाही काढत."

"तेजू, ऊठ! सर शीर्षक मागतायत." माझी मैत्रीण नेत्रा खांदा हलवतेय.

उजव्या हाताला पार मुंग्या आल्यात. डाव्या हातानं तो उचलून मी टेबलावर ठेवते. मनगटाच्या आतल्या बाजूला लाल, बारीक चंद्रकोरी उमटल्यात. एकीला लागून एक, काचेच्या बांगड्या रुतून बसाव्यात तशा. मी बांगड्या घालत नाही.

"अगं, चल ना."

मी त्यांवरून बोट फिरवते. बोटाला खळगे लागतात. ते बुजेपर्यंत मला हलता येणार नाही.